हळद लागलेली पुस्तकं

आमच्या मामंजींच्या मते जगात पुस्तकं दोनच प्रकारची. कोरी आणि उष्टी.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सांगलीत आमचं पुस्तकांचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही. दुकानात कुणी उभ्या उभ्या पुस्तक उघडून दोन पानांच्या पुढं वाचायला लागलं की मामंजी चष्म्याच्या वरनं बघायचे आणि विचारायचे, "घ्यायचंय, की नुसतं उष्टं करायचंय?" गिऱ्हाईक बिचारं ओशाळून पुस्तक मिटायचं. काहीजण लाजेकाजेनं विकतच घ्यायचे, ते सोडा.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल म्हातारा कवडीचुंबक असणार. तसं अजिबात नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाहुण्याच्या पानात आपण उष्टं वाढतो का? नाही ना? मग दुसऱ्यानं वाचलेलं पुस्तक गिऱ्हाइकाला नवं म्हणून कसं द्यायचं? बाकीचे दुकानदार पानं मोजताना जिभेला बोट लावायचे. मामंजींना त्याची शिसारी. "थुंकी लावून विद्या विकतो होय रे?" असं त्यांनी एका दुकानदाराला भर रस्त्यात विचारलं होतं म्हणे. स्वतः ते गल्ल्याशेजारी ओल्या स्पंजाची डबी ठेवायचे आणि पान उलटायचं झालं तरी आधी डबीत बोट टेकवायचे. पुस्तकाला चुकून पाय लागला तर त्याला नमस्कार करायचे, आणि पार्सल फोडलं की पहिल्या प्रतीला हळदकुंकवाचं बोट लावून ती देव्हाऱ्यात ठेवायचे. ती प्रत विकायची नाही, देवाची.

सूट होती ती फक्त वर्तमानपत्राला. रोज सकाळी आमच्या शेजारच्या वखारीतले अण्णा यायचे. अण्णा जैन, हळदीचे व्यापारी, मामंजींचे जुने दोस्त. आमच्या दारातल्या बाकावर बसून आमचंच वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. मी घरात नवीन होते तेव्हा एकदा भीत भीत विचारलं, "मामंजी, पेपर उष्टा होत नाही?" तर म्हणाले, "पेपर दुपारपर्यंत शिळाच होतो. शिळ्याला उष्टं कोण बघतं?" अण्णा पेपराआडून म्हणाले, "सूनबाई, मला शिळं चालतंय बघा."

मी जावळीतली, मेढ्याच्या बाजूची. आमच्या शाळेत आम्ही तरटावर बसायचो. गुरुजींच्या खुर्चीमागं एक पत्र्याची पेटी होती, कुलूप लावलेली. तीत गोष्टीची पुस्तकं होती. साताऱ्याहून साहेब तपासणीला आले की पेटी उघडायची. पुस्तकं टेबलावर ओळीनं मांडायची. साहेब बघायचे, मान हलवायचे, जायचे. ते गेले की पुस्तकं परत पेटीत. आम्हाला मिळायचा तो त्यांचा वास. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि कागदाचा असा वास यायचा की पुढचा सगळा दिवस मी लांब लांब श्वास घेत बसायची. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. आत काय लिहिलं होतं ते कळायचं राहूनच गेलं.

आणि लग्न होऊन आले ती पुस्तकाच्या दुकानात! माहेरी सगळ्यांना वाटलं पोरीनं नशीब काढलं. काढलंच होतं म्हणा, पण दुकानात बायकांनी बसायची पद्धत नव्हती. ते जमलं मामंजींच्या झोपेमुळं. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला, त्यांच्या पाळ्या. दुकानात मामंजी एकटे. दुपारी जेवण झालं की त्यांना डुलकी लागायचीच, पण दुकान सोडून वर यायला मन होत नसे. मग ते दुकानातच मागच्या लाकडी बाकावर आडवे व्हायचे. एकदा ते झोपलेले असताना कुणीतरी नव्या वह्या उचलून नेल्या, आणि त्या दिवसापासून मला हुकूम झाला, "सूनबाई, दुपारची पुढं बसत जा. विकायबिकायचं नाही. नुसती बस. कुणी आलं तर मला उठव."

दुष्काळ सरून गेल्यानंतरची ती वर्षं. चौऱ्याहत्तर असेल नाहीतर पंचाहत्तर. मे महिना, शाळांना सुट्टी. आमचा रस्ता हळदीच्या बाजाराकडं जाणारा. हळदीचा मोसम म्हणजे सगळी पेठ पिवळी. बैलगाड्या, पोती, धुरळा, सगळं पिवळं. वखारीत बायका हळकुंडं निवडायला बसायच्या आणि त्यांची पोरं दिवसभर पोत्यांवर खेळायची. ऊन चढलं की ती पोरं आमच्या पायरीवर सावलीला येऊन बसत. गल्लीतली बामणवाड्यातली, व्यापाऱ्यांची पोरंही येत. सावली काय, सगळ्यांची एकच.

त्यात एक दोन वेण्यांची पोरगी होती. तिची आई अण्णांच्या वखारीत हळद निवडायची. एका दुपारी ती पायरीवरनं मान वर करून बघत बघत म्हणाली, "काकू, ती वरच्या फळीवर बांधून ठिवल्याली कशाची पुस्तकं?"

सगळ्यात वरच्या फळीवर सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते. मी म्हटलं, "गोष्टीची."

"मग त्यास्नी बांधलंय का? त्यांनी काय केलंय?"

आता मी काय सांगणार? शाळेच्या पुस्तकांपुढं, वह्या-पाट्यांपुढं गोष्टीच्या पुस्तकांना गिऱ्हाईक नव्हतं. मामंजी ती दिवाळीला खाली काढायचे, चार खपायची, बाकी पुन्हा वर. पण त्या पोरीनं असं विचारलं आणि मला ती पत्र्याची पेटी आठवली. मागं बाकावर मामंजी घोरत होते. मी स्टूल घेतलं, पदर खोचला आणि गठ्ठे खाली काढले. जिन्याखालच्या कोपऱ्यात वरनं सतरंजी आणून टाकली आणि म्हटलं, "बसा."

आमच्या दुकानातला मुलांचा विभाग तो हा. नंतर लोक फार कौतुकानं विचारायचे, कल्पना कशी सुचली म्हणून. कसली कल्पना घेऊन बसलात, सतरंजी टाकली एवढंच.

आता पुस्तकं मांडायची कशी? मोठ्या दुकानात लेखकावरनं लावतात, प्रकाशनावरनं लावतात. मला त्यातलं काय कळत होतं? मी चित्रं बघितली, थोडं थोडं वाचलं आणि थप्प्या घातल्या. हसायची, भ्यायची, राजाराणीची. ज्या पुस्तकात तारे, यंत्रं, वाफेचं इंजीन असलं काय काय होतं त्यांची चौथी थप्पी. तिला मी म्हणायची 'कळत नाहीतली'. पोरं येऊन मागायची, "काकू, भ्यायच्यातलं एक द्या." एकदा एका पोरानं वाफेच्या इंजिनाचं पुस्तक वाचलं आणि स्वतःच उचलून हसायच्यात ठेवलं. का विचारलं तर म्हणाला, "ह्यातलं इंजीन लय गमती करतंय." मी राहू दिलं.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवायची. माझं वाचन चौथीचं. साधं मराठी झरझर यायचं, जोडाक्षर आलं की गाडी अडायची. राजवाड्याच्या एका गोष्टीत 'निःस्तब्ध' आलं आणि मी तिथंच बसले. मागनं आवाज आला, "काकू, दोन टिंबं हायत तिथं, ती सोडू नगा. विसर्ग म्हंत्यात त्याला." सातवीतला एक मुलगा होता, तो हळूच शब्द पुरवायचा आणि मी जणू मलाच आल्यासारखी पुढं जायची. सगळ्यांना कळायचं. कुणी हसायचं नाही. माझी पाचवी, सहावी, सातवी जी काय झाली ती त्या सतरंजीवर झाली.

तर पहिल्याच दिवशी काय झालं, वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की घोरणं थांबलंय.

मामंजी धोतर सावरत पुढं आले. सतरंजीवर पोरंच पोरं, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक. त्यांनी एकाच्या हातातलं पुस्तक घेतलं, उघडलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलेला. पिवळाधमक.

"हे काय?"

"हळद, मामंजी."

त्यांनी दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. प्रत्येकात पिवळी बोटं. "उष्टी केली!" असे ओरडले की रस्त्यावरची बैलगाडी थांबली असेल. "सगळी थप्पीच्या थप्पी उष्टी केली!"

ती दोन वेण्यांची घाबरून उभी राहिली. म्हणाली, "न्हाई वो आजोबा. तोंड न्हाई लावलं कुनी. नुसतं बगितलं."

मामंजींना हसायला आलं असणार. पण त्यांनी ते दाबलं. पोरं गेल्यावर मला म्हणाले, "सूनबाई, झालं ते झालं. शाळा उघडेपर्यंत ही पुस्तकं इथं राहू देत. खपली तर खपली. जूनमध्ये गाइडांचे गठ्ठे येतात, तेव्हा हा कोपरा मला लागणार. तेव्हा उरतील ती रद्दीत जातील. उष्टं मी दुकानात ठेवणार नाही."

मी बरं म्हटलं. म्हटलं, खपवू. पण खपणार कशी? गिऱ्हाईक आलं, पुस्तक हातात घेतलं, की मामंजी मागच्या बाकावरनं सावध करायचे, "बघून घ्या हं. वाचलेलं आहे. उष्टं आहे." असं म्हटल्यावर कोण घेणार? बाया पुस्तक असं खाली ठेवायच्या जसं काही खरंच त्याला कुणी चावलंय. मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही नाही सांगितलं तर?" तर म्हणाले, "मग ते गिऱ्हाइकाला फसवणं होईल." ते बरोबर होते, हीच माझी पंचाईत.

आणि मला तो कोपरा जायला नको होता. का ते वेगळं सांगायला नको. दुपारचा स्वयंपाक मी कसा उरकायची मलाच ठाऊक. पोळ्या लाटताना मनात गोष्टीचं पुढचं पान चालू असायचं.

मग मी डाग काढायच्या मागं लागले. आधी दाराशी पाण्याची बादली आणि पंचा ठेवला. हात धुतल्याशिवाय सतरंजीवर यायचं नाही. पण हळदीच्या वखारीत वाढलेलं पोर, त्याची हळद एका बादलीत जाते होय? नखांत असते, केसांत असते, चड्डीला पुसली की परत हाताला येते. मग झालेले डाग पुसावेत म्हणून मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि हलक्या हातानं पानावर फिरवलं. बाई म्हणून जन्मले, हळदीला साबण लागला की काय होतं हे मला माहीत नसावं? पण डोकं ठिकाणावर नव्हतं. पिवळा डाग लालभडक झाला. कुंकू सांडल्यासारखा. चारपाच पुस्तकांना असं करून ठेवलं तेव्हा कुठं हात आवरला.

मग आठवलं, लुगड्याचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो. झालं! मे महिन्यात आमच्या गच्चीवर वाळवणं होतीच. कुरडया, पापड, सांडगे. त्यांच्याच शेजारी मी जुनं धोतर अंथरलं आणि पुस्तकं उघडी करून मांडली. सासूबाई वर आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय गं, यंदा पुस्तकांचं वाळवण घातलंस? तळायची का भाजायची?"

डाग फिके झाले, नाही असं नाही. पण पुठ्ठे पापडासारखे वाकले. आणि कावळ्यांनी कुरडया पळवू नयेत म्हणून राखणीला सासूबाईंनी पोरांनाच बसवलं होतं. ती राखता राखता पुस्तकं वाचत बसली. संध्याकाळी गोळा करायला गेले तर जुने डाग गेलेले आणि नवे आलेले. कुरडयाही थोड्या कमी झाल्या होत्या. कावळे असतील.

असा जून आला. गाइडांचं पार्सल निघाल्याचं पत्र आलं. आमच्या थप्प्यांतली तीन-चार पुस्तकं खपली असतील नसतील. दुकानात शाळेच्या पुस्तकांची गर्दी सुरू झाली, म्हणून मी सकाळचीही मदतीला खाली यायला लागले. पोरं दुपारी यायची, पण आता भराभर वाचायची. दोन वेण्यांची तर जेवायलाही उठायची नाही. मी विचारलं, "एवढी घाई कशाला गं?" म्हणाली, "रद्दीत जानार हायत न्हवं? मग संपवाय नको?"

त्याच गर्दीत एका सकाळी एक जोडपं आलं. कऱ्हाडकडच्या खेड्यातलं. नवरा फौजेत, सुट्टीवर आलेला. बारीक केस, कडक इस्तरी. बायकोचं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. शाळेची पुस्तकं घेऊन झाली आणि बाईची नजर कोपऱ्यातल्या थप्प्यांवर गेली.

"वैनी, ही कशाची?"

"गोष्टीची आहेत. मुलांची."

ती खाली बसली. एकेक पुस्तक उघडायची, पानं चाळायची, ठेवायची. चित्रंसुद्धा बघत नव्हती. नवरा पाय बदलत होता. "अगं जल्दी कर की. यस्टी चुकंल."

"थांबा वो जरा." तिनं राजाराणीतलं एक पुस्तक उचललं. उन्हात वाकलेलं, पिवळ्या बोटांनी भरलेलं, वर मी साबणानं लाल करून ठेवलेलं. सगळ्यांत भिकार प्रत होती ती. "ह्ये द्या."

मामंजी गल्ल्यावरनं उठून आले. "बाई, ते नका घेऊ. ते वाचलेलं आहे, उष्टं आहे. त्याचीच एक कोरी प्रत कपाटात आहे. ती देतो."

"कोरं नगं."

"अहो, किमतीत फरक नाही. तेवढ्याच पैशात कोरं देतोय."

"आवं मालक, कोऱ्यावरनं मला काय कळायचं? मला न्हाई वाचता येत. ह्यावर बोटं हायत. ज्यावर लय बोटं ते पोरास्नी लय आवडल्यालं. ह्ये बगा." तिनं 'कळत नाहीतलं' एक पुस्तक उघडून त्यांच्या पुढं धरलं. पांढरंशुभ्र. "ह्याला कुनी हात लावल्याला न्हाई. ह्ये मी न्हिऊन काय करू? माझी पोरं काय येगळी हायत?"

मामंजींनी ते पांढरं पान बघितलं. पण हटायचे नाहीत ते. "तुमचं पटतंय मला. पण दुकान काढल्यापासून मी वाचलेलं पुस्तक विकलं नाही. डागाचा माल देऊन..."

फौजी म्हणाला, "मालक, घेनारी घेतीया. तुमी द्या की. यस्टी हाय आमची."

बाईनं पुस्तक मधोमध उघडलं. एका पानावर पिवळा अंगठा आणि त्याच्या बाजूला माझा तो लाल डाग. ती हसायला लागली. पदर तोंडावर धरून हसली. "उष्टं कशाचं वो ह्ये? हिला हळद लागलीया, कुक्कू लागलंया. अशी लेक कुनी घरात ठिवून घेतंय व्हय? सासरी धाडा की आता!"

दुकानातली सगळी गर्दी हसली. बाकावर अण्णांच्या हातातलं वर्तमानपत्र हलायला लागलं. ते खाली करून अण्णा म्हणाले, "बोला आता! हळद आमच्या वखारीतली हाय. म्हंजे आमी कुणाकडचे हो, नवरीकडचे? मानपान काय देणार?"

"तू पेपर वाच," मामंजी म्हणाले. पण त्यांचे ओठ थरथरत होते.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. वाकलेला पुठ्ठा तळहातानं सरळ करून पाहिला. झाला नाही. मग चांगला खाकी कागद काढला, तो मोठ्या पुस्तकांनाच वापरायचे, आणि नीट घडी घालून बांधलं. बाईच्या हातात देताना पुटपुटले, "सुखानं नांदू दे." मला वाटतं ते कुणाला ऐकू जावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण अण्णांनी ऐकलं, आणि अण्णांनी ऐकलं म्हणजे पेठेनं ऐकलं.

त्यानंतर जे गिऱ्हाईक आलं त्यानं भ्यायच्यातलं एक पुस्तक उचललं. मामंजी खाकरले आणि म्हणाले, "बघून घ्या हं. हळद लागलेलं आहे."

गिऱ्हाईक म्हणालं, "म्हंजे?"

"म्हणजे मुलांनी वाचलेलं आहे. पुष्कळ मुलांनी."

ते खोटं बोलले नाहीत. फसवलं नाही. फक्त शब्द बदलला. पण शब्द बदलल्यावर माणूस पुस्तक वेगळ्या हातानं धरतो हे मी त्या दिवशी पाहिलं. त्या गिऱ्हाइकानं पानं चाळून पिवळी बोटं शोधली आणि घेतलं. सगळ्यांनीच घेतलं असं नाही. एक बाई नाक मुरडून गेल्या. एका मास्तरांनी स्वच्छ प्रतच पाहिजे म्हणून सांगितलं आणि मामंजींनी त्यांना कपाटातली काढून दिली. पण थप्प्या उतरायला लागल्या. अण्णांनी नातवंडांसाठी दोन नेली, म्हणाले, "मुलगी परत माहेरी आली न्हाई पाहिजे."

तरी कोपऱ्याचं काय, हे मामंजी बोलत नव्हते. मीही विचारत नव्हते. पुस्तकं थोडी खपली म्हणून काय झालं, गाइडांना जागा लागणारच होती. गाइड म्हणजे दुकानाची वर्षाची भाकरी, हे मलाही कळत होतं.

पार्सल आलं ते भर दुपारी. हातगाडीवाला दारात उभा, गाडीवर गठ्ठ्यांचा डोंगर. सतरंजीवर पोरं बसलेली. मी राजाराणीतलं वाचून दाखवत होते, वाचता वाचता थांबले. मामंजी डोळे चोळत उठून आले.

"मालक, कुठं टाकू?"

मामंजींनी कोपऱ्याकडं बघितलं. पोरांनी त्यांच्याकडं. दोन वेण्यांच्या पोरीनं आपलं पुस्तक मिटून आधीच छातीशी धरलेलं, की उठायचं म्हटलं तर उठावं. मामंजींनी दुकानभर नजर फिरवली. दुकान केवढं? हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. त्यांनी वळून मागं बघितलं. आपली उशी उचलली, काखेत मारली.

"त्या बाकावर टाक," म्हणाले.

"बाकावर?"

"बाकावर आणि बाकाखाली. काय बहिरा झालास?"

हातगाडीवाल्यानं गठ्ठे टाकले. बाक दिसेनासा झाला. मी म्हटलं, "मामंजी, मग तुम्ही दुपारी कुठं...?"

"या वयात झोप कुठं लागतीय?" ते म्हणाले. रोज भिंत हादरेल असे घोरणारे मामंजी! "थांबलीस का? वाच पुढं."

मी वाचायला लागले. पुढच्या जोडाक्षराला तो सातवीतला मुलगा आधीच बोलून मोकळा झाला.

त्यानंतर मामंजी दुपारचे सतरंजीच्या कडेला भिंतीशी उशी टेकवून बसायला लागले. पहिले काही दिवस नुसते डोळे मिटून. मग एखादं पुस्तक हातात घेऊन, म्हणजे पोरांना वाटावं लक्ष आहे. स्पंजाची डबी शेजारी ठेवलेली असायची. कोरी प्रतच घ्यायचे. पोरं त्यांना थप्प्यांची शिस्त समजावून सांगायची, आणि ते गंभीरपणानं ऐकायचे. "म्हणजे हे भ्यायचं आहे?" "व्हय आजोबा. पर लय न्हाई. मधूनच."

एका दुपारी मी हसायच्यातलं वाचत होते. पोरं खिदळत होती. मामंजी भ्यायच्यातलं घेऊन बसले होते आणि बराच वेळ त्यांची हालचाल नव्हती. मला वाटलं झोपले. बघते तर डोळे उघडे, भुवया वर गेलेल्या. पान संपलं. हात डबीकडं गेला. डबी पोरांच्या पायानं सरकून लांब गेलेली. नजर पुस्तकातच. अंगठा वर आला, जिभेला लागला आणि पान उलटलं.

"आजोबा!" दोन वेण्यांची पोरगी ओरडली. "उष्टं!"

सगळी सतरंजी आजोबांकडं बघायला लागली. मामंजींनी आपल्या अंगठ्याकडं असं बघितलं जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"आजोबांनी थुंकी लावली," पोरगी मला साक्षीला धरून म्हणाली. "काकू, तुमी बगितलंत न्हवं?"

मी काय बोलणार? सासरे ते माझे.

"खरं आहे," मामंजीच म्हणाले. पान पंच्याच्या टोकानं टिपलं. "हे आता विकता यायचं नाही. हे मलाच घ्यायला लागणार."

ते उशी आणि पुस्तक घेऊन उठले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि थांबले. मागं वळून त्या पोरीला म्हणाले, "आण गं तुझा अंगठा."

"हात धुतल्यात मी."

"धुतलेस तरी आण."

त्यांनी पहिलं पान उघडून पुढं धरलं. तिनं आधी अंगठा कपाळाच्या केसांत घासला, नंतर वेणीत घासला आणि मग पानावर टेकवला. फिकाच उमटला, पण उमटला. मामंजींनी तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि जिना चढून वर गेले.

थोड्या वेळानं वरनं हाक आली, "सूनबाई, चहा टाकायला वर ये. आणि पोरांना म्हणावं, याच्यात शेवटी काय होतं ते मला कुणी सांगू नका."